मोहाखालचं रिंगण

बुधरीची आणि माझी ओळख एका वासावरून झाली.

मार्चमधली सकाळ. मी कामावर निघाले होते. वसाहतीच्या रस्त्यावर एक सफाईवाली खराटा काठीसारखा टेकवून उभी होती. अंगात कंपनीचं नारिंगी जाकीट, त्याखाली आखूड लुगडं, कपाळावर आणि गालांवर हिरवं गोंदण. मान वर, डोळे मिटलेले. मला वाटलं, हिला चक्कर येतेय.

"बरं नाई वाटत का बाई?"

डोळे न उघडताच ती म्हणाली, "मोह पडून राह्यला कुठीतरी."

मी श्वास घेतला. ओल्या कोळशाचा वास आला, नालीचा आला, कुणाच्या तरी फोडणीचा आला. मोहाच्या फुलांचा आला नाही.

"इथी कुठचा मोह? कारखान्याच्या चिमणीचा वास असन."

तिने डोळे उघडून माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "तुह्या चिमणीनं जलमात कधी गोड वास सोडला का?"

एवढं बोलून ती पुन्हा झाडू लागली.

चंद्रपूरच्या कडेला एका खाजगी कंपनीचा वीज कारखाना आहे, त्याला लागून ही वसाहत. मी कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. कोळशाचा चिमूटभर नमुना भट्टीत जाळायचा आणि मागे राख किती उरते ते पाहायचं, हे माझं काम. राख उरतेच. कधी कमी, कधी जास्त. या शहरात जन्मलेल्या माणसाला शहराबद्दल जे वाटत असतं तेच मलाही वाटायचं: इथे जे काही होतं ते केव्हाच जळून गेलं, आपण उरलेल्यात राहतो. दोरीवर वाळत घातलेली पांढरी साडी संध्याकाळी करडी होऊन घरात येते. हे आम्ही कुणाला सांगत नाही. पावसाबद्दल काय सांगायचं, तसं.

त्या वर्षी मोह सापडला नाही. पण बुधरीने मला सोडलं नाही.

ती एटापल्लीच्या पलीकडची, जंगलातल्या एका गावची माडिया आदिवासी. नवरा पोचू तापाने गेला. मुलगी रंजीता चंद्रपुरात नर्सिंग शिकायला लागली तेव्हा ही तिच्यासोबत आली आणि वसाहतीतल्या ठेकेदाराकडे झाडायच्या कामाला लागली. दोघी दुर्गापूरला एका खोलीत राहायच्या. बुधरीची सुट्टी रविवारी, माझीही रविवारी. माझी मुलं पुण्याला, नवरा फोटोत. एका रविवारी ती दारात येऊन उभी राहिली. "चाल बाई, तुहं गाव दाखव मले."

"यात काय पाहाले आहे?"

"म्हूनच तं म्हणतो. तूनं पाह्यलंच नाई."

मग आम्ही हिंडू लागलो. माझं शहर, पण पुढे ती. परकोटाच्या भिंतीला धरून बिनबा दरवाजापासून चालत निघायचं. भिंतीच्या दगडांत पिंपळांनी मुळं घातलेली, एका बुरुजाच्या पोटात घुबडाचं बिऱ्हाड. त्या बुरुजाखालच्या रस्त्याने मी शाळेत गेले, कॉलेजात गेले, लग्न होऊन गेले. घुबड कधी दिसलं नव्हतं. झरपटच्या काठी, जिथे शहर आपली घाण सोडतं, तिथे पाण्यापासून वर पातूरची भाजी दाट माजलेली. मी म्हटलं, गटाराची भाजी खाणार का? ती म्हणाली, "वरच्या बाजूची घेतो ना. मी येडी हाय का?" जुन्या खाणीतल्या मातीच्या डोंगरावर, जिथे नुसती सुबाभूळ लावलेली असं मी समजत होते, तिथे आपोआप उगवलेला तेंदू होता. चारोळीचं एक पोरकं झाड होतं. आणि एकदा ओल्या मातीत पंजा होता, माझ्या तळहातापेक्षा मोठा.

"ताजा हाय," बुधरी म्हणाली आणि पंजाला जोहार केला.

"पळायचं का?"

"पळून कुठी जाशीन? तुह्या घरीच जाशीन ना? तो बी तिकडंच गेला." पावलं खरंच वसाहतीकडे गेली होती. ती एवढी हसली की मलाही हसू आलं. आम्ही दोघी हसत हसत आणि वळून वळून बघत घरी आलो.

तिलाही सगळं कळत होतं असं नाही. रामाळा तलावातली जलपर्णी पाहून ती पहिल्या दिवशी हरखली, भाजी समजून ओटीभर तोडली. मी सांगितलं, ही खात नसतात, ही तळ्याला खाते. तिने ओटी झटकली. "तुह्या गावाले फुलं बी चोरटी."

मोह मात्र ती विसरली नाही. चालताना मध्येच थांबायची, झाडाच्या सालीवर हात ठेवायची, नाही म्हणायची, पुढे जायची. मी एकदा विचारलं, एवढं काय त्या मोहाचं? बाजारात ढीग मिळतो.

ती रस्त्याच्या कडेला बसली. तिने मला तिच्या गावाचा नियम सांगितला.

मोहाचं झाड रानात असतं, पण त्याला घर असतं. फूल पडायच्या आधी जो झाडाखालचा पाचोळा झाडून रिंगण साफ करतो आणि फूल पडायचं संपेस्तोवर रोज झाडतो, झाड त्याच्या घराचं. त्याला कागद नाही, कुंपण नाही. झाडलेलं रिंगण दिसलं की दुसरा माणूस बाहेरूनच निघून जातो. घरचं कुणी आजारी असलं, येऊ शकत नसलं, तर सोयऱ्याने झाडलं तरी चालतं. मात्र मजुरीने झाडणाऱ्याचं झाडणं त्याचं नसतं, ज्याने मजुरी दिली त्याचं असतं. आणि ओळीने दोन वर्षं झाडलं नाही तर झाड खाली झालं. मग जो झाडेल त्याचं.

"पोचूचे मोह होते. लय मोठे. पयलं साल मी त्याच्यापाशी दवाखान्यात. दुसरं साल पोरीसंगं इथी. मंग दिरानं झाडलं. त्याचे झाले."

"भांडली नाई तू?"

"काऊन भांडू? झाडलं त्यानं." तिला माझा प्रश्नच कळला नव्हता.

मग ती पोचूचं बोलली. तिच्याकडे पंडुम, म्हणजे नव्या पिकाचा सण, झाल्याशिवाय नवं फूल, नवं फळ कुणी तोंडात घालत नाही. पहिली ओंजळ मेलेल्यांची. ती आपल्या झाडाखालचीच हवी. विकतची चालत नाही, मागून आणलेली चालत नाही.

"म्हंजे पोचूले..."

"पोचू उपाशी हाय," बुधरी म्हणाली आणि उठली.

झाड सापडलं ते पुढच्या वर्षी, होळीच्या आधी. ते तिच्या नाकाने सापडलं नाही. माझ्या बापामुळे सापडलं.

माझे वडील बापूराव या कारखान्याची भिंत बांधताना बिगारी होते. कंपनीची भिंत कुठे कशी आहे हे मला लहानपणापासून पाठ. ती सरळ येते आणि एका जागी पोट आत घेतल्यासारखी वळते. का वळते ते त्यांनी एकदा सांगितलं होतं, मी ऐकून सोडलं होतं. गवंड्यांनी तिथे एक मोहाचं झाड वाचवलं. इंजिनिअरला सांगितलं, खाली खडक लागला. खडक नव्हताच.

एका रविवारी भिंतीकडेने चालताना ते वळण आलं आणि मी उभी राहिले. वळणाजवळ एक लोखंडी फाटक होतं, पलीकडे झुडपी रान आणि त्यापलीकडे राखेचा तलाव. फाटकावर बिरजू नावाचा पहारेकरी. तो म्हणाला, "मॅडम, उधर नका जाऊ. वाघ फिरते, अस्वल बी येते."

"अस्वल येते?" बुधरीने विचारलं. "कोणत्या महिन्यात?"

"याच. होळीच्या आसपास."

बुधरी माझ्याकडे पाहून हसली. "मोह खायाले येते ते." फाटक उघडेपर्यंत ती हसतच होती.

झाड भिंतीला पाठ टेकून बसल्यासारखं होतं. दोघींच्या कवेत न मावणारं. पानं गळालेली, फांद्यांच्या टोकांना तपकिरी कळ्यांचे झुबके. सगळ्यावर राखेचा थर. बुधरीने पदराने बुंध्यावर हाताएवढी जागा पुसली आणि तिथे गाल लावला. मी दुसरीकडे पाहिलं.

तिने लगेच झाडलं नाही. आधी विचारायला हवं होतं. नियम तसा होता. त्या आठवड्यात रस्ते झाडता झाडता तिने वसाहतीतलं दार न् दार विचारलं, "भिंतीमागचा मोह कोणाचा हाय? मागच्या साली कोण झाडलं?" बायका हसल्या. एका मॅडमने सांगितलं, कंपनीचा आहे.

"कंपनी येते का फुलं येचाले?"

"अगं, कंपनी म्हणजे कुणी बाई नाही."

"मंग तिचे मेलेले बी नसन," बुधरी म्हणाली. "मंग झाड खाली हाय."

पुढच्या रविवारी सकाळी ती स्वतःचा फडा घेऊन आली, शिंदीच्या पानांचा, गावाहून आणलेला. जाकीट नव्हतं. मी तिच्यासोबत गेले, पण बाजूला उभी राहिले. तिने एकदाही मला झाडायला सांगितलं नाही. माझ्या घरातली गोष्ट तिला ठाऊक होती. माझ्या आजोबांनी छप्पन साली बाबासाहेबांच्या मागे धम्म घेतला आणि गावकीचं झाडणं, ओढणं, सगळं एका दिवसात टाकलं. गावाने पाणी तोडलं, तरी उचललं नाही. वडील भिंतीवर विटा वाहायचे, पण मुकादमाने एकदा झाडू हातात दिला तर त्यांनी तो त्याच्या पायाशी ठेवला आणि त्या दिवसाचं काम सोडून घरी आले. "आपल्या घरातलं कोणी दुसऱ्याचं अंगण झाडणार नाई," ते म्हणायचे. मी आयुष्यभर स्वतःच्या उंबऱ्याच्या आतच केरसुणी धरली. बुधरीची मैत्रीण झाले तरी तिच्या हातातल्या खराट्याकडे बघायचं मी टाळायचे.

ती मात्र त्या दिवशी गाणं म्हणत झाडत होती. पाचोळा फार होता. तिने तो झाडाभोवती लोटला आणि तिच्या गावी करतात तेच केलं. काडी लावली.

माझ्या लक्षात येईस्तोवर धूर भिंतीच्या वर गेला होता. मोठा नव्हता, चुलीएवढा. पण कारखान्याच्या हद्दीत धूर म्हणजे भोंगा. अग्निशमनची गाडी आली, सुरक्षेचे लोक आले, मागोमाग वसाहतीचे मुख्य साहेब आले. नळीची धार सुटली आणि रिंगणाचा चिखल झाला.

"कुणी लावली आग?" साहेब ओरडले.

"मी," बुधरी म्हणाली. "आग कुठी हाय? पाला हाय."

"धूर मेन गेटपर्यंत दिसला!"

बुधरीने मान वर केली. राखेच्या तलावापलीकडे आमच्या दोन्ही चिमण्या नेहमीसारख्या चालू होत्या. धूर आडवा होऊन शहरावर गेला होता. "तो धूर तुमाले दिसत नाई," ती म्हणाली, "माहा वीतभर दिसला?"

अग्निशमनवाला एक पोरगा फिसकन हसला. मला वाटलं, गेलं हिचं काम. पण साहेबांचं लक्ष तिच्यावर नव्हतंच. ते झाडाकडे पाहत होते. "केवढं जुनं झाड आहे हे! आपल्याकडे? आणि आपल्याला माहीत नाही?"

बुधरीला ताकीद मिळून ती सुटली. झाड सुटलं नाही.

कंपनीला एखादी गोष्ट करायची असली की फार दिवस लागत नाहीत. फाटकापासून झाडापर्यंत सिमेंटच्या ठोकळ्यांची पायवाट झाली. सिमेंटची दोन हरणं आली. 'आपल्या शहरातला लपलेला निसर्ग' असा फलक लागला, त्यावर बिबट्याचं चित्र. महिनाअखेरीस नागपूरहून कंपनीचे मोठे पाहुणे येऊन उद्घाटन करणार होते. झाडाभोवती तेवढी माती राखली होती, बुधरीच्या रिंगणाएवढीच. आणि त्याच आठवड्यात फूल पडायला लागलं. वास माझ्या खिडकीत आला. आता मला ओळखता येत होता.

ठेकेदाराचा सुपरवायझर सुनिल म्हणून होता. एटापल्लीच्या बाजारात त्याच्या बापाचं किराणा दुकान, मोहफूल विकत घेणारं. मुलगा तसा बरा होता. तो आनंदाने सांगत आला, मी तेव्हा बुधरीशी बोलत उभी होते.

"मावशे, उद्यापासून तुमची ड्यूटी मोहाखाली. म्याच साहेबाले सांगतलं, आमच्या मावशीले द्या. खूश ना?"

"जाकीट घालून?"

"मंग का बिनजाकिटाची ड्यूटी राहते?"

"फुलं कुठी टाकू?"

"घंटागाडीत. पाहुण्याइचे पाय घसरन म्हणते साहेब. चिकट होते फरशी."

बुधरीच्या चेहऱ्यावरचं गोंदण हललं नाही. "घंटागाडीत," ती म्हणाली. मग, "नाई."

"नाई म्हंजे?"

"दुसरा रस्ता दे. नाली दे. हे मी झाडत नाई."

"काऊन पण?"

"तुह्या बापाले पूस. मजुरीनं झाडलं तं मोह कोणाचा होते?"

सुनिलला विचारायची गरज नव्हती. दुकानात बसून त्याने ते शंभरदा ऐकलं असणार. तो हसला, वाईट नाही, सहज. "पैसे देनाराचा. मंग बरोबरच हाय ना मावशे! कंपनीचा मोह, कंपनीचं जाकीट, कंपनीचं झाडनं. तुमचाच नियम हाय."

बुधरी खराटा उचलून चालू लागली. नियमाने तिचे मोह दिराकडे गेले तेव्हाही ती भांडली नव्हती. त्या दिवशी तिची पाठ मला पहिल्यांदा म्हातारी दिसली.

पण ती झोपून राहणारी बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी, म्हणजे उद्घाटनाच्याच दिवशी, उजाडायच्या सुमाराला तिने माझं दार वाजवलं. लुगडं धुतलेलं, केसांत पळसाचं फूल, काखेत टोपली, हातात शिंदीचा फडा.

"अंगठा नाई देला मी," ती म्हणाली. हजेरीच्या यंत्रावर रोज सकाळी अंगठा द्यायचा असतो, तो. "आज माहा खाडा हाय. चाल."

बिरजूने फाटक उघडलं. मोह रात्रभर पडला होता. मातीवर, फरशीवर, सिमेंटच्या हरणांच्या पाठीवर फिकट पिवळी फुलं. बुधरीने रिंगण झाडलं, मग वाकून फुलं वेचली, एक एक, राख फुंकून. टोपली भरत आली तेव्हा ऊन भिंतीवर आलं होतं. तेवढ्यात सुनिल धावत आला. झाडलेलं पाहून त्याचा जीव भांड्यात पडला.

"वा मावशे! मले वाटलं होतं तुमी येतच नाई. थांबा, मशीनवर तुमचा अंगठा दिसत नाई, मी हातानं हजेरी लावतो."

"लावू नको."

"अवो, दिवस जाईन तुमचा."

"जाऊ दे. खाडा मांड."

"काम केलं ना तुमी? डोळ्यानं पाह्यलं मी!"

"तुहं नाई केलं." बुधरी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ती त्याच्या खांद्याला लागत होती. "सुनिलभाऊ, तुनं हजेरी लावली तं हे झाडनं कंपनीचं झालं. तुले माहीत हाय. मी तुह्या बापाच्या काट्यावर फूल घातलं हाय, त्यानं काटा मारला तरी बोलली नाई. आज बोलतो. खाडा मांड माहा. माह्यासमोर मांड."

सुनिल माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमी तरी समजावा. बिनकामाचा खाडा मांगून राह्यली बाई. असं कोणी मांगते का?"

"मांगते आहे ना," मी म्हटलं. "मांड."

त्याने खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोर तिची गैरहजेरी लावली. बटण दाबताना त्याचा चेहरा असा होता, जणू त्याचाच दिवस जातोय.

गाड्या आल्या. साहेब, पाहुणे, फोटो काढणारा, वसाहतीतल्या मॅडमा. फीत कापली गेली. साहेबांनी लुगड्यातल्या बाईकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि हळू आवाजात सुनिलला विचारलं, "ही ड्यूटीवर आहे ना? फुलं गाडीत टाकायला सांग."

"मी ड्यूटीवर नाई," बुधरी मोठ्याने म्हणाली. "खाडा हाय."

सगळे वळले. तिने कुणाची वाट पाहिली नाही. टोपलीतली एक ओंजळ भरली, पळसाच्या पानावर घेतली, बुंध्याशी गुडघे टेकले आणि पान मुळाशी ठेवलं. ती तिच्या भाषेत बोलली. मला त्यातलं एक नावच कळलं. पोचूचं. आवाज रडवा नव्हता. उशिरा जेवायला वाढताना घरची बाई माणसाला चार शब्द सुनावते, तसा होता.

मागे कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. फोटोवाला गुडघ्यावर बसला. पाहुण्यांना वाटलं, कार्यक्रमातच आहे. "फार सुंदर," ते साहेबांना म्हणाले, "इथली मूळ संस्कृती." साहेबांना हसावं लागलं. बुधरीने टोपली डोक्यावर घेतली आणि त्या टाळ्यांमधून, कुणाकडे न पाहता, फाटकाबाहेर गेली.

दुपारी तिचं जाकीट परत मागितलं. सुनिलने निरोप आणला, त्याला स्वतःला वाईट वाटत होतं. वसाहतीच्या गेटवर तिचं नाव दिलं होतं, आत सोडायचं नाही म्हणून.

संध्याकाळी रंजीताच्या फोनवरून तिचा आवाज आला.

"बाई, फूल अजून पडन. आठ दिस तरी."

"हो."

"सुनिलनं नवी पोरगी ठेवली म्हणते. उद्या ते जाकीट घालून झाडन."

"हो."

"मंग गेलं." मागे दुर्गापूरच्या रस्त्याचा आवाज होता, ट्रकांचा. "तुले मी झाड म्हणत नाई. तुह्या बापाचं मले माहीत हाय. मी फक्त सांगून राह्यली."

"बुधरी, इथे तुझे सोयरे कोणी आहेत?"

"माहे सोयरे इथी कुठचे?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या रात्री मी बापाचा विचार केला. गावाने पाणी तोडलं तरी न वाकलेला आजोबा, मुकादमाच्या पायाशी ठेवलेला झाडू. त्यांनी मला एक ओळ दिली होती आणि मी ती तशीच, न वाचता, जपून ठेवली होती. दुसऱ्याचं अंगण झाडणार नाही. पण वडिलांनीच विटा वाहून भिंत जिथे वळवली, तिथलं अंगण दुसऱ्याचं कुणी केलं? आणि ते तसं होऊ द्यायचं की नाही, हे कुणी ठरवायचं?

तांबडं फुटताना मी केरसुणी घेऊन निघाले. रस्त्यात दोन मॅडमा फिरायला निघालेल्या. माझ्या हाताकडे बघून त्या बोलायच्या थांबल्या. मी केरसुणी लपवली नाही. उलट खांद्यावर घेतली.

बिरजूने फाटकाची कडी काढता काढता विचारलं, "मॅडम? तुमी? झाडू?"

"दिसत नाही का?"

"कोणी सांगतलं तुमाले?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. माझ्या घरात दोन पिढ्या ज्यासाठी भांडल्या, ते एवढंच होतं.

पहिल्यांदा नीट जमलं नाही. आपल्या फरशीवर झाडणं वेगळं आणि मातीवर झाडणं वेगळं. मी बुंध्यापासून बाहेर, गोल गोल झाडत गेले, ती झाडायची तसं. वरून टप् टप् फूल पडतच होतं, माझ्या पाठीवर, केसांत. राखही पडत होती. झाडलेल्या मातीवर पुन्हा करडा थर बसायचा. मी पुन्हा झाडायची. रोज राख मोजणाऱ्या बाईला राखेशी भांडायला मजा येत होती, हे मी इथे कबूल करते.

पायवाटेवरून नवी मुलगी आली. नारिंगी जाकीट तिला फार मोठं होतं, बहुतेक तेच होतं. रीना नाव, कोरपन्याकडची, आई तेंदूपत्त्याला जाणारी. ती फरशी झाडत झाडत आली आणि मातीच्या काठावर थांबली. रिंगण तिने पाहिलं. खराटा उचलून धरला. पाऊल आत टाकलं नाही.

"कोणाचं हाय?" तिने विचारलं.

"बुधरीचं."

"तुमी कोण तिच्या?"

"सोयरी."

तिने माझ्याकडे, माझ्या साडीकडे, गळ्यातल्या कंपनीच्या ओळखपत्राकडे पाहिलं. तिला विचारायचं होतं ते तिने विचारलं नाही. ती खाली वाकली, फरशीवर पडलेली फुलं गोळा करून मातीच्या आत, माझ्या बाजूला सारली, आणि घंटागाडीकडे बघून म्हणाली, "सुनिलभाऊ पुसन मले, मोहाखाली काऊन नाई झाडलं म्हून. काय सांगू?"

मी कंबर सरळ केली.

"सांग, झाडलेलं हाय."